विज्ञानपटांतील वैमानिकांची शिरस्त्राणे

विज्ञानपट, विज्ञानविषयक दूरचित्रवाणी मालिका आणि अ‍ॅनिमेशनपट यांत अवकाशयाने, लढाऊ याने किंवा यंत्रमानव चालवणाऱ्या काल्पनिक वैमानिकांसाठी बनवलेली शिरस्त्राणे ही वेशभूषा आणि प्रॉपर्टी या दोन विभागांच्या सीमेवरील निर्मिती होय. खऱ्या वैमानिकाचे हेल्मेट डोक्याला इजा होऊ नये, श्वासोच्छ्वास चालू राहावा आणि संभाषण करता यावे यासाठी असते. पडद्यावरील शिरस्त्राणाला यांपैकी एकही काम प्रत्यक्षात करावे लागत नाही. त्याला ही कामे करत असल्याचा भास निर्माण करावा लागतो आणि त्याच वेळी नटाचा चेहरा दाखवावा किंवा हेतुपूर्वक लपवावा लागतो. या परस्परविरोधी गरजांतूनच या शिरस्त्राणांचे बहुतेक आकार घडले आहेत. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटातील शिरस्त्राणे या प्रकारातील सर्वाधिक परिचित मानली जातात. त्यांपैकी एका शिरस्त्राणामुळे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाला 'शिल्प' या शब्दाचा अर्थ ठरवावा लागला.

== मूळ अडचण: चेहरा आणि काच ==

चित्रपटात नटाचा चेहरा हेच अभिनयाचे मुख्य साधन असते. बंद शिरस्त्राण घातले की तो झाकला जातो. समोर काच बसवली तर चेहरा दिसतो, पण त्या वक्र काचेत चित्रीकरणाचे दिवे, कॅमेरा आणि पलीकडे उभी असलेली माणसेही उमटतात. शिवाय नटाच्या श्वासाने काच आतून धुरकट होते आणि आवाज कोंडल्यासारखा येतो. कमी खर्चाच्या जुन्या विज्ञानपटांत काच बसवण्याचेच टाळलेले दिसते. निर्वात अवकाशात वावरणाऱ्या पात्राच्या हेल्मेटला पुढे नुसतेच भोक असे आणि प्रेक्षकांनी ते चालवून घ्यावे अशी अपेक्षा असे.

यावरचा दुसरा रूढ उपाय म्हणजे शिरस्त्राणाच्या आतील कडेला बारीक दिवे बसवून चेहरा उजळणे. वास्तवात कोणताही वैमानिक अशी सोय मान्य करणार नाही. अंधाऱ्या खोलीत दिवा लावला की खिडकीबाहेरचे दिसेनासे होते, तसेच आतल्या उजेडाने त्याला बाहेरचे अवकाश दिसणार नाही. तरीही ही पद्धत इतकी रुळली आहे की आतून न उजळलेले अवकाश-शिरस्त्राणच प्रेक्षकाला अपुरे वाटते.

सारख्या पोशाखातील पात्रे ओळखू येणे हीसुद्धा गरज असते. 'डेस्टिनेशन मून' (१९५०) या चित्रपटात प्रत्येक अवकाशवीराला वेगळ्या रंगाचा पोशाख देऊन ती भागवली होती. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटातही रंगीत पोशाख आणि शिरस्त्राणे आहेत, पण तेथे शिरस्त्राण कथानकातच शिरते. डेव्हिड बोमन हा अवकाशवीर लहान यानातून घाईने बाहेर पडताना हेल्मेट विसरतो. संगणक त्याला मुख्य यानात परत घेण्यास नकार देतो, तेव्हा त्याला काही क्षण उघड्या डोक्याने निर्वातातून झेप घ्यावी लागते. पुढे तो संगणक बंद करण्यासाठी जातो तेव्हा त्याचा पोशाख लाल आणि शिरस्त्राण हिरवे असते. आधीचे शिरस्त्राण हाताशी नाही, हे कोणताही संवाद न घालता एवढ्या विसंगतीतून कळते.

== 'स्टार वॉर्स' (१९७७) ==

=== संकल्पना ===

जॉर्ज लुकास यांच्या या चित्रपटाची आरंभीची संकल्पनाचित्रे राल्फ मॅक्वारी यांनी काढली. मॅक्वारी यांनी पूर्वी बोइंग या विमान कंपनीसाठी तांत्रिक चित्रकार म्हणून काम केले होते, आणि त्यांच्या काल्पनिक यंत्रांना असलेला वापरातल्या वस्तूंचा भारदस्तपणा तेथूनच आलेला दिसतो. डार्थ व्हेडर या पात्राला श्वसनाचा मुखवटा देण्याची कल्पना त्यांचीच. व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात जाणार असेल तर मधल्या निर्वातात तो श्वास कसा घेणार, असा त्यांचा साधा तांत्रिक प्रश्न होता. त्यांनी एका प्रवेशापुरते सुचवलेले हे साधन पुढे पात्राचा कायमचा चेहरा बनले. त्या शिरस्त्राणात जपानी सामुराई योद्ध्यांच्या 'काबुतो'चा पसरता घेर आणि जर्मन सैनिकांच्या पोलादी टोपाची छाया, दोन्ही आढळतात. त्याचे शिल्पकाम ब्रायन म्युअर यांनी केले.

पोशाखांची जबाबदारी जॉन मोलो या इंग्रज वेशभूषाकाराकडे होती. मोलो हे सैनिकी गणवेशांच्या इतिहासाचे अभ्यासक होते. ऐतिहासिक चित्रपटांसाठी त्यांनी सल्लागार म्हणूनही काम केले होते, मात्र विज्ञानपटाचा त्यांना अनुभव नव्हता. ही उणीव चित्रपटाच्या पथ्यावर पडली असे म्हणता येते. भविष्यकाळ कसा दिसेल याची कल्पना करण्यापेक्षा एखादे सैन्य आपल्या माणसांना काय घालायला देते, या बाजूने त्यांनी विचार केला. या कामासाठी त्यांना १९७८ मध्ये सर्वोत्कृष्ट वेशभूषेचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. दुसरा ऑस्कर त्यांना 'गांधी' (१९८२) या चित्रपटासाठी मिळाला. तो त्यांनी कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैय्या यांच्यासह स्वीकारला. अथैय्या या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय होत.

=== बंडखोरांचे शिरस्त्राण ===

एक्स-विंग या लढाऊ यानाच्या वैमानिकांचे शिरस्त्राण अमेरिकी नौदलाच्या त्या काळातील वैमानिकांच्या हेल्मेटशी, विशेषतः एपीएच मालिकेतील हेल्मेटशी, जवळचे नाते सांगते. गोल घुमट, कानांवर फुगीर कवचे, हनुवटीखालून जाणारा पट्टा आणि कपाळावरून खाली येणारी काच असे त्याचे स्वरूप आहे. मधोमध पुढून मागे जाणारी उंच पट्टी त्याला परक्या जगाचे बनवते. समोरची काच पिवळसर आणि आरपार दिसणारी असून ती डोळ्यांच्या खालीच संपते. त्यामुळे नाक, तोंड आणि हनुवटी उघडी राहतात आणि डोळेही झाकले जात नाहीत. नारिंगी उड्डाणपोशाखही अमेरिकी नौदलाचीच आठवण करून देतो.

अवकाशात लढणाऱ्या वैमानिकाचे तोंड उघडे असणे शास्त्रीयदृष्ट्या अडचणीचे आहे. यानाचे छत फुटले तर तो फार वेळ जगणार नाही. परंतु चित्रपटाच्या अखेरच्या हल्ल्यात प्रेक्षकाला अनेक नवे वैमानिक एकामागून एक, अगदी थोडा वेळ दिसतात आणि त्यांतले बहुतेक मारले जातात. त्यांचे चेहरे दिसले नसते तर त्या मृत्यूंचा परिणाम झाला नसता. त्याच कारणाने प्रत्येकाच्या शिरस्त्राणावर वेगळी रंगीत चिन्हे रंगवली आहेत. ल्यूक स्कायवॉकरच्या हेल्मेटवर बंडखोरांचे लाल बोधचिन्ह आहे, तर इतरांवर पट्टे, चौकटी अशा खुणा आहेत. हेल्मेट स्वतःच्या आवडीने रंगवण्याची प्रथा लढाऊ विमानदळांत खरोखरच आहे. येथे ती ओळख पटवण्याच्या कामी आली. रंगावर घासल्याच्या आणि खरवडल्याच्या खुणाही मुद्दाम केल्या होत्या. वस्तू जुनी, वापरलेली दिसावी हा लुकास यांचा आग्रह संपूर्ण चित्रपटभर दिसतो.

=== साम्राज्याचे शिरस्त्राण ===

साम्राज्याच्या टाय फायटर वैमानिकाचे शिरस्त्राण याच्या नेमके उलट आहे. ते काळे आणि पूर्ण बंद आहे. त्याच्या मुखभागाची ठेवण स्टॉर्मट्रूपर सैनिकांच्या पांढऱ्या शिरस्त्राणासारखी आहे आणि त्यातून निघालेल्या जाड नळ्या छातीवरील पेटीला जोडलेल्या आहेत. डोळ्यांच्या जागी काळी भिंगे असल्याने पात्राला नजरच उरत नाही. एका बाजूला नावे आणि चेहरे असलेली माणसे, दुसऱ्या बाजूला एकसारखे मुखवटे, असा विरोध केवळ शिरस्त्राणांच्या जोरावर उभा राहतो. निर्मितीलाही ते सोयीचे होते. झाकलेल्या चेहऱ्यामागे कोणीही असले तरी चालत असे.

गंमत अशी की, शास्त्रीयदृष्ट्या यांतील खलपक्षच अधिक बरोबर आहे. बंद शिरस्त्राण आणि स्वतंत्र श्वसनपुरवठा हाच अवकाशातील वैमानिकाचा योग्य पोशाख ठरेल.

मुखवट्याने आवाजाचाही प्रश्न निर्माण केला. व्हेडरची भूमिका करणारे डेव्हिड प्रौझ मुखवट्याआडून बोलत. नंतर त्या जागी जेम्स अर्ल जोन्स यांचा आवाज घालण्यात आला. व्हेडरचा प्रसिद्ध श्वास ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी पाणबुड्यांच्या श्वसनयंत्रातून ध्वनिमुद्रित केला. शिरस्त्राणाला स्वतःचा ध्वनी देण्याची ही युक्ती पुढे फार अनुकरणीय ठरली.

== घडण ==

चित्रपटासाठी एकाच आकाराची अनेक शिरस्त्राणे थोड्या दिवसांत आणि थोड्या पैशांत लागतात. स्टॉर्मट्रूपरच्या बाबतीत मॅक्वारी यांच्या चित्रांवरून निक पेम्बर्टन यांनी मातीचा नमुना केला. त्यावरून लंडनमधील ट्विकनहॅम येथील अँड्र्यू एन्सवर्थ यांनी प्लास्टिकची शिरस्त्राणे बनवली. चित्रपटातील इतरही काही शिरस्त्राणे त्यांच्याच कार्यशाळेत तयार झाली.

यासाठी वापरलेली पद्धत व्हॅक्यूम फॉर्मिंग या नावाने ओळखली जाते. प्लास्टिकचा सपाट पत्रा तापवून मऊ करतात, तो साच्यावर ताणतात आणि खालून हवा ओढून घेतात. बाहेरील हवेच्या दाबाने पत्रा साच्याला घट्ट चिकटतो आणि थंड झाला की तोच आकार धरतो. ही पद्धत जलद व स्वस्त आहे, पण तिला एक मर्यादा आहे. साच्याचा आकार खालच्या बाजूस आत वळलेला असेल तर पत्रा त्यात अडकतो व निघत नाही. मानवी डोके सामावणारे शिरस्त्राण मानेकडे अरुंद होत जाते, म्हणून ते अखंड न काढता तुकड्यांत काढून जोडावे लागते. स्टॉर्मट्रूपरचा पुढचा मुखभाग आणि मागचा घुमट स्वतंत्र आहेत. बाजूंना दिसणारी कानांसारखी कवचे हा जोड झाकतात. प्रेक्षकाला जे संपर्कयंत्र वाटते ते मुळात शिवण लपवण्याचे साधन आहे.

== न्यायालयीन वाद ==

२००४ मध्ये एन्सवर्थ यांनी आपल्याकडील मूळ साच्यांच्या आधारे शिरस्त्राणे आणि चिलखते पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली. काही माल अमेरिकेतील ग्राहकांनाही गेला. लुकासफिल्मने प्रथम कॅलिफोर्नियात दावा लावला. एन्सवर्थ तेथे बचावासाठी उभे राहिले नाहीत आणि २००६ मध्ये त्यांच्याविरुद्ध २ कोटी डॉलरचा एकतर्फी निकाल लागला. ही रक्कम इंग्लंडमध्ये वसूल करण्यासाठी, तसेच तेथील कायद्याखाली प्रताधिकार भंगाबद्दल, कंपनीने इंग्लंडमध्ये दावा दाखल केला.

इंग्लंडमधील वादाचा गाभा एका शब्दात होता. ब्रिटनच्या १९८८ च्या प्रताधिकार कायद्यानुसार शिल्पाला कलाकृती म्हणून दीर्घ संरक्षण मिळते. व्यवहारोपयोगी वस्तूच्या आकाराला मात्र तसे मिळत नसे. त्याला मिळणारे संरक्षण अल्प मुदतीचे असे. शिरस्त्राण शिल्प ठरले तर एन्सवर्थ हरणार आणि वस्तू ठरले तर जिंकणार, अशी स्थिती होती. एका छोट्या कारागिराच्या दृष्टीने हा उपजीविकेचा प्रश्न होता. स्टुडिओंच्या दृष्टीने चित्रपटांतील प्रत्येक शिरस्त्राण, शस्त्र आणि यान यांच्या प्रतिकृतींच्या बाजारपेठेचे भवितव्य त्यात गुंतलेले होते.

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मान यांनी २००८ मध्ये शिरस्त्राण हे शिल्प नाही असा निर्णय दिला. विवेचन करताना त्यांनी विटांच्या ढिगाऱ्याचे उदाहरण घेतले. कलादालनात दोन आठवडे मांडलेला विटांचा ढीग शिल्प ठरू शकतो, पण गवंड्याने कोणाच्या घरापुढे तेवढाच काळ ठेवलेला तसाच ढीग शिल्प ठरत नाही, कारण निर्मात्याचा हेतू वेगळा असतो. शिरस्त्राणाचा हेतू चित्रपटातील पात्र उभे करणे हा होता, म्हणून चित्रपटनिर्मितीच्या प्रक्रियेत ते एक उपयोगी साधन ठरले. शिरस्त्राणाचे कर्ते आपणच आहोत हा एन्सवर्थ यांचा प्रतिदावा मात्र टिकला नाही. अपील न्यायालयाने २००९ मध्ये शिल्पाविषयीचा निर्णय कायम ठेवला. २७ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच मान्य केला.

तरीही एन्सवर्थ यांचा विजय पूर्ण नव्हता. कॅलिफोर्नियाचा एकतर्फी निकाल इंग्लंडमध्ये बजावता येणार नाही हे खालच्या न्यायालयातच ठरले होते, परंतु अमेरिकी प्रताधिकाराचा भंग झाला असेल तर त्याची सुनावणी इंग्लिश न्यायालय करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. परदेशी बौद्धिक संपदेविषयीचे दावे इंग्लिश न्यायालयात चालू शकतात की नाही या प्रश्नावर हा निकाल महत्त्वाचा मानला जातो आणि कायद्याचे विद्यार्थी तो मुख्यतः याच कारणासाठी वाचतात. औद्योगिक रीतीने उत्पादित कलाकृतींचे संरक्षण २५ वर्षांवर आणणारे ब्रिटिश कायद्यातील कलम २०१६ मध्ये रद्द झाले, तथापि शिल्प म्हणजे काय याविषयीचे विवेचन त्याने बदलले नाही.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १५ नुसार, नोंदणीयोग्य असूनही नोंदवलेले नाही अशा डिझाइनची वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वेळा उत्पादित झाली की त्या डिझाइनमधील प्रताधिकार संपतो. प्रॉपर्टीच्या प्रतिकृती विकू इच्छिणाऱ्या निर्मात्याला त्यामुळे आधीच नोंदणी करणे भाग पडते.

== अन्य चित्रपट व मालिका ==

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' (१९७८) या मालिकेतील वैमानिकांच्या शिरस्त्राणांना प्राचीन इजिप्तच्या फेरोंच्या शिरोभूषणाचा आकार दिला होता. मानवजातीच्या हरवलेल्या शाखेची कथा असल्याने ही निवड केवळ शोभेची नव्हती.

'एलियन' (१९७९) मधील अवकाश-पोशाखांचे रेखाटन फ्रेंच चित्रकथाकार मोबियस यांनी केले आणि वेशभूषा पुन्हा जॉन मोलो यांची होती. हे पोशाख जड होते आणि त्यांत श्वासाची वाफ बाहेर जाण्यास वाट नव्हती. यान मोठे भासावे म्हणून काही दृश्यांत दिग्दर्शक रिडली स्कॉट व छायाचित्रकार यांच्या मुलांना लहान आकाराचे पोशाख घालून उभे केले होते. ती मुले उष्णतेने बेशुद्ध पडल्यानंतर पोशाखांत सुधारणा करण्यात आल्या. कथेतही शिरस्त्राणाची काच हीच सुरक्षिततेची शेवटची सीमा आहे. परग्रहावरील जीव ती वितळवून केन या पात्राच्या चेहऱ्यापर्यंत पोचतो.

स्कॉट यांनी 'प्रोमिथियस' (२०१२) मध्ये या अनुभवाच्या अगदी दुसऱ्या टोकाचे शिरस्त्राण वापरले. जँटी येट्स यांच्या वेशभूषेतील त्या गोलाकार पारदर्शक हेल्मेटमध्ये दिवे, चालू स्थितीतील नऊ लहान पडदे आणि हवेसाठी दोन पंखे होते. त्यांच्या बॅटऱ्या पाठीवरील पिशवीत लपवल्या होत्या.

क्लिंट ईस्टवूड यांच्या 'फायरफॉक्स' (१९८२) या चित्रपटाचे सारे कथानकच हेल्मेटवर उभे आहे. सोव्हिएत विमानाची शस्त्रे वैमानिकाच्या विचारांनी चालतात, पण विचार रशियन भाषेत करावा लागतो.

जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये काचेतील प्रतिबिंब ही अडचणच नसते. चित्रकार हवे तेवढेच प्रतिबिंब काढतो. त्यामुळे तेथे शिरस्त्राण घालणे वा न घालणे हा स्वभावचित्रणाचा भाग बनतो. 'मोबाइल सूट गंडाम' (१९७९) मध्ये इतर वैमानिक 'नॉर्मल सूट' घालतात, तर शार अझ्नाबल हा आपण परत येणारच या खात्रीने तो टाळतो. कथेत पुढे त्याला तो घालावा लागतो तेव्हा त्याचा आत्मविश्वास ढळल्याचे जाणवते. 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' (१९९५) ने तर शिरस्त्राण पूर्णपणे वगळले. तेथील किशोरवयीन चालकांच्या केसांत केवळ दोन लहान संपर्कसाधने असतात.

== संगणकीय काच ==

एकविसाव्या शतकात काचेचा जुना प्रश्न काच काढूनच सुटला. 'ग्रॅव्हिटी' (२०१३) च्या अवकाशातील दृश्यांत अनेकदा नटांचे चेहरे तेवढे खरे असून पोशाख आणि काच संगणकावर तयार केलेली आहे. 'द मार्शियन' (२०१५) मध्ये चित्रीकरणाच्या वेळी उघड्या ठेवलेल्या शिरस्त्राणांवर नंतर संगणकाने काच बसवली. सुरुवातीच्या काळातील विज्ञानपटांतही शिरस्त्राणाला काच नव्हतीच. फरक एवढाच की आता ती नसल्याचे कळत नाही. पूर्वी जिवापाड प्रयत्नाने टाळली जाणारी प्रतिबिंबे आता दृश्य खरे वाटावे म्हणून मुद्दाम घातली जातात.

== वास्तवातील हेल्मेटशी देवाणघेवाण ==

'स्टार वॉर्स'मध्ये ल्यूकचे लक्ष्यवेधी यंत्र हेल्मेटमध्ये नसून बाजूने वळून डोळ्यांपुढे येणाऱ्या दांडीवर आहे. प्रत्यक्षात अमेरिकी नौदलाच्या एफ-४ विमानांवर १९७० च्या दशकातच वैमानिकाच्या नजरेच्या दिशेने क्षेपणास्त्र रोखणारी, हेल्मेटवर बसवलेली यंत्रणा वापरात आली होती. म्हणजे या एका बाबतीत चित्रपट आपल्या काळाच्या मागे होता. नाट्यदृष्ट्या मात्र ही दांडी आवश्यक होती. ल्यूक यंत्र बाजूला सारतो आणि स्वतःवर विसंबतो, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसायला हवे होते.

उलट दिशेचा प्रभाव नावांतून दिसतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राइट-पॅटरसन हवाई तळावर थॉमस फर्नेस यांच्या चमूने वैमानिकाला संपूर्ण कृत्रिम दृश्य दाखवणारे प्रायोगिक हेल्मेट बनवले. त्याच्या अवजड, कीटकासारख्या रूपामुळे ते 'डार्थ व्हेडर हेल्मेट' म्हणून ओळखले गेले. सध्याच्या एफ-३५ विमानाच्या वैमानिकाला विमानाबाहेरील सहा कॅमेऱ्यांचे एकत्रित दृश्य हेल्मेटच्या काचेवरच दिसते आणि त्यामुळे तो विमानाच्या तळातून खालीही 'पाहू' शकतो. हे हेल्मेट प्रत्येक वैमानिकाच्या डोक्याच्या मापाने बसवून घ्यावे लागते.

'स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स' (२०१५) मध्ये मायकेल कॅप्लन यांनी वैमानिकांच्या शिरस्त्राणाची नवी आवृत्ती केली, परंतु १९७७ चा घुमट, मधली पट्टी आणि अर्धी काच तशीच ठेवली. त्याच चित्रपटात रे ही भंगार गोळा करणारी मुलगी एका मोडक्या युद्धयंत्राच्या सावलीत बसून बंडखोरांचे एक जुने शिरस्त्राण डोक्यावर चढवते. तिच्या मनात काय आहे हे त्या प्रसंगात कोणी बोलून दाखवत नाही.